नदीला भिंत, जमिनीला भाव

नदीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा हाती आला की मी आधी शेवटची पानं उघडतो. खर्चाचा तक्ता तिथे असतो. भिंतीला किती, दिव्यांना किती, पदपथाला किती आणि सांडपाणी अडवायला किती, एवढ्या चार ओळी वाचल्या की बाकीचं पुस्तक मिटून ठेवलं तरी चालतं. पहिल्या पानांवर काय असतं ते तुम्हालाही पाठ आहे: निळंशार पाणी, सायकलवरचं मूल, कठड्याला टेकून हसणारं जोडपं. ते पाणी आलं कुठून आणि निळं कशाने झालं? अख्ख्या पुस्तकात उत्तर नाही. चित्रकाराने निळा रंग भरला म्हणून ते निळं आहे.

मुंबईच्या मिठीचं हेच झालं आहे. माझा राग ज्यांनी नदी नासवली त्यांच्यावर आहेच. त्याहून जास्त तो नदी सुधारण्याचा ठेका घेतलेल्या शहाण्यांवर आहे.

विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी. विहार तलाव १८६० साली बांधून पूर्ण झाला, पवई १८९१ साली. म्हणजे मिठीच्या उगमावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच बूच बसलं. पावसाळ्यात तलाव भरून वाहिले की तिला पाणी मिळतं. उरलेले सात-आठ महिने तिच्या पात्रातून जे वाहतं ते तुमचं-माझं सांडपाणी, साकीनाका-कुर्ल्याच्या कारखान्यांची घाण आणि तेलाची पिंपं धुतल्याचा काळा राप. ही साधी गोष्ट ज्याला कळते, त्याने सुधारणेची सुरुवात कुठे करायला हवी? प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी. आमच्या नियोजनकारांनी कुठे केली? भिंतीपाशी.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नाही. निसर्गाने त्या दिवशी एका प्रचंड धड्याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. महापालिकेची हद्द, वॉर्डांच्या रेषा, मंत्रालयातली खाती यांपैकी काहीच पाऊस ओळखत नाही. तो पाणलोटावर पडतो आणि उताराने जातो. शेकडो माणसं मेली तेव्हा हा धडा समोर आला. आणि शिकलं कोण?

ऑगस्टमध्येच मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. नावातच ‘विकास’ आधी आणि ‘संरक्षण’ नंतर. नंतरच्या वर्षांत कामंही त्याच क्रमाने झाली. प्राधिकरण एक, पण नदी मात्र दोन तुकड्यांत वाटून दिली. वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे सुमारे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. पाणी वरून खाली येतं एवढं शाळकरी पोरालाही कळतं, पण इथे वरची संस्था वेगळी, खालची वेगळी, निविदा वेगळ्या, कंत्राटदार वेगळे. पात्रातली घाण मात्र संयुक्तपणे, अखंड, विनाअडथळा माहीमपर्यंत पोचते. समन्वय तेवढा तिलाच जमला.

आणि खालचा तुकडा कुणाकडे दिला? ज्या संस्थेने वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं तिच्याकडे. मिठीच्या मुखाशी दलदल होती, खारफुटी होती, भरतीचं पाणी पसरायला आणि पुराचं पाणी दम घ्यायला जागा होती. तिच्यावर भराव टाकून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका चौरस फुटाचा भाव ऐकून डोळे फिरावेत असं ते संकुल आहे. नदीचा घसा ज्याने आवळला त्यालाच तिच्या श्वसनाचा वैद्य नेमण्याचा हा निर्णय कुणाला खटकलाही नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अतिक्रमणाचीही कथा ऐका. २००५ नंतर मिठीच्या काठावरचे अतिक्रमक कोण, हे एका झटक्यात ठरलं: झोपड्या. त्या हटवल्या गेल्या, हजारोंनी. पुरात त्या झोपड्यांत राहणारी माणसं सगळ्यांत आधी बुडत होती, त्यामुळे त्यांना सुरक्षित आणि कामाजवळ घर देणं हे सरकारचं कर्तव्यच होतं. पण नकाशा पसरून बघा. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदी काटकोनात वळवली, धावपट्टीखालच्या बोगद्यातून काढली. धावपट्टी अतिक्रमण नाही! मुखाशी अख्खं व्यापारी संकुल बसवलं. तेही अतिक्रमण नाही! दहा बाय दहाचं पत्र्याचं खोपटं मात्र नदीच्या प्रवाहाला अडथळा. जलविज्ञानाच्या कुठल्या ग्रंथात असं लिहिलंय की पाणी मालकाची ऐपत पाहून अडतं?

वरच्या अंगाला काय चाललं तेही सांगतो. आरे हा मिठीच्या वरच्या पाणलोटाचा उरलेला हिरवा भाग. झाडं, गवत, मोकळी माती. पाऊस पडला की मुरतो. नदी वाचवायची असेल तर जिथे बोटही लावू नये अशी ही जागा. मेट्रो-३ ची कारशेड नेमकी तिथे, मिठीच्या काठाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत सुरू झालेल्या तोडीत २१४१ झाडं गेली. मेट्रो हवी; मला हवी, मुंबईला हवी. पण जे सरकार एका हाताने नदीच्या संरक्षणाचं प्राधिकरण चालवतं तेच दुसऱ्या हाताने नदीच्या पूरभूमीवर रेल्वेचं आवार काढतं, आणि दोन्ही फायलींवर ‘पर्यावरणपूरक’ असंच लिहिलेलं असतं. फायलींची आपसात ओळख नाही. त्यांच्या साहेबांची नक्कीच आहे.

आता गाळ. दरवर्षी मे महिना उजाडला की मुंबईत टक्केवारीचा हंगाम सुरू होतो. मिठीतला अमुक टक्के गाळ काढला, तमुक टक्के उरला. नेते गमबूट घालून काठावर उभे राहतात, फोटो निघतात. पण हा गाळ येतो कुठून, हे त्यांतला कुणी विचारतो का? बोडकी झालेली टेकडी, बांधकामाचा राडारोडा, नाल्यांतून येणारा मैला आणि कचरा. ही तोंडं बंद न करता तळ खरवडत राहणं म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसायला कायमची माणसं नेमणं. फरशी पुसणाऱ्याची रोजी चालू राहते, छप्पर कुणाच्या अजेंड्यावर येत नाही. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. गाळ टाकण्याच्या जागांचे करारनामेच बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण नदीसाठीचा पैसा गाळाच्या वजनावर मोजायचा, असं ठरवणारी जी पद्धत आहे तिच्यावर गुन्हा नोंदवणारी शाखा अजून निघायची आहे. पाण्याच्या शुद्धतेवर पैसे द्या. पात्रातल्या प्राणवायूवर द्या. मग बघा किती कंत्राटदार रांगेत उरतात!

एक काम बरोबर झालं आहे, तेही सांगितलं पाहिजे. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे मिठीत घाण ओतणारे मोठे नाले. त्यांचं पाणी बोगद्यातून धारावीच्या मलजल प्रक्रिया केंद्राकडे न्यायचं काम महापालिकेने हाती घेतलं. हीच खरी नदीसुधारणा. जमिनीखाली असल्याने तिचं उद्घाटन देखणं होत नाही, फीत कापायला जागा नाही, संध्याकाळी रंगीत कारंजी उडत नाहीत. म्हणूनच २००५ नंतर पहिल्या वर्षी जे व्हायला हवं होतं, त्याला एवढा उशीर झाला.

‘पण मुंबईत जमीनच कुठे आहे?’ हा प्रश्न कुठल्याही चर्चेत, कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून दहाव्या मिनिटाला येतो. पाणी मुरवायला जमीन नाही, घरं द्यायला जमीन नाही, मैदानाला नाही, प्रक्रिया केंद्राला नाही. हे वाक्य बोलणाऱ्याला मी परळला, गिरणगावात नेऊन उभा करीन.

गिरणगावाचं पाणी मिठीत जात नाही; ते लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशा पातमुखांकडे जातं. पण दुखणं तेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड बांध घालून बंद केली आणि बेटांमधल्या खाजणजमिनी कोरड्या केल्या. त्या सखल पट्ट्यात पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या. भरतीच्या वेळी समुद्र वर आणि वस्ती खाली, असा हा भूगोल. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचा शेवटही. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन. जगातल्या कुठल्याही दाटीवाटीच्या महानगराला अशी संधी शतकात एकदा मिळते: शहराच्या मध्यावर, रेल्वेच्या दोन मार्गांच्या कुशीत, नेमक्या पाणी तुंबणाऱ्या भागात ६०० एकर!

आणि त्यासाठी नियमही होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ अगदी सरळ होता. जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनेही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा तुकड्यांत विचार करू नका, एकत्र आराखडा करा, असं बजावलं होतं. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासून रिकामी आहे. गिरणीच्या शेडखालची जमीन, शेड पाडल्यावरही, मालकाचीच. आता गिरणी म्हटल्यावर आवार भरून शेडच असणार! सार्वजनिक वाटा एका दुरुस्तीत आक्रसून कोपऱ्यातल्या तुकड्यांएवढा झाला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप न्यायालयात गेला. २००५ साली उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान केंद्र सरकारच्याच मालकीच्या वस्त्रोद्योग महामंडळाने जमिनींचे लिलाव मांडले. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना गेली. सरकारी कंपनीने सरकारच्या जनतेची जमीन विकली आणि तो विक्रमी भाव वर्तमानपत्रांनी सणासारखा साजरा केला.

ती जमीन गेल्यावर काय झालं, ते मोजता येतं. ज्या स्टेशनांवरून कामगार पायी गिरणीत जात, तिथे लाखो कचेरीवाले उतरू लागले. पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले; बाहेर धो धो पाऊस होता म्हणून माणसं पुलावरच थांबून राहिली होती. गिरण्या ज्यांनी चालवल्या त्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घर म्हणून आता मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीचा पत्ता दाखवला जातो, आणि ते आझाद मैदानावर बसून विचारतात की आमचा तिसरा हिस्सा कुठे गेला. आणि परळचं हिंदमाता दर पावसाळ्यात तुंबतं, म्हणून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या प्रचंड टाक्या बांधल्या.

इथे जरा थांबा. मैदान खणायचं, खाली काँक्रीटची टाकी बांधायची, पंपाने पाणी आत ओढायचं, भरती उतरली की पंपाने बाहेर फेकायचं. हे सगळं का? पाण्याला थोडा वेळ थांबायला मोकळी जागा नाही म्हणून. ती जागा हाकेच्या अंतरावर होती. कित्येक गिरण्यांच्या आवारात स्वतःची तळी होती. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातलं तळं अजून आहे. त्या मोकळ्या तिसऱ्या हिश्शात उतरती मैदानं, तळी, झाडं आखली असती, तर पाऊस तिथे थांबला असता, मुरला असता आणि वर्षाचे आठ महिने पोरं तिथे क्रिकेट खेळली असती. ती जमीन आपण मॉलला दिली आणि मग मैदानाच्या पोटात टाकी बांधायला जनतेचाच पैसा काढला. ज्यांनी हे केलं ते आजही ‘शाश्वत नागरी नियोजन’ या विषयावर परिसंवादांत बीजभाषणं देतात.

गिरणीच्या जमिनीत काय मुरलं होतं? ब्लीच, रंग, तेल, कोळशाची राख. उद्योगाने नासवलेली माती तपासायची, साफ करायची आणि त्याचा खर्च नासवणाऱ्याकडून घ्यायचा, यासाठी दूषित जमिनींचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने काढले ते २०२५ च्या जुलैमध्ये. तोवर गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहून, त्यांत दोन पिढ्या राहूनही झाल्या होत्या. घर घेताना वास्तुदोष तपासणारा आमचा मध्यमवर्ग मातीतला दोष मात्र कधी विचारत नाही. बिल्डरला हे पक्कं ठाऊक होतं.

‘हे सगळं बोलायला सोपं आहे, करता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी जर्मनीतल्या एम्शर नदीची हकिगत. रूर खोऱ्यातल्या कोळसाखाणी आणि पोलाद कारखान्यांच्या मधून ती वाहते. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालची गटारं फुटली असती, म्हणून त्यांनी शंभरेक वर्षं नदीलाच उघडं गटार केलं, काँक्रीटच्या पन्हाळीत घालून. मिठीपेक्षाही वाईट अवस्था. पण १८९९ पासून तिथे अख्ख्या पाणलोटासाठी एकच सहकारी संस्था होती; शहरं, खाणी, कारखाने तिचे सभासद आणि वर्गणीदार. खाणी सरकल्या, जमीन स्थिरावली, तसं १९९२ च्या सुमारास त्यांनी काम सुरू केलं. आधी काय केलं? भिंत रंगवली नाही. ५१ किलोमीटरचं मुख्य गटार जमिनीखाली घातलं, प्रक्रिया केंद्रं बांधली, आणि सांडपाणी नदीतून निघाल्यावरच काँक्रीट फोडून काठ मोकळे केले. साडेपाच अब्ज युरोंच्या घरात खर्च आला, तीस वर्षं लागली. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. १९८५ साली बंद पडलेला मायडरिखचा लोखंड कारखाना पेटर लाट्झ या भूरचनाकाराने उद्यान केला: भट्ट्या तशाच उभ्या, विषारी माती जागेवरच बंदिस्त, सांडपाणी नळात आणि जुन्या कालव्यात छपरांवरून गोळा केलेलं पावसाचं पाणी.

जर्मन माणूस काही देवदूत नाही. फरक क्रमाचा आहे. आधी पाणी, मग माती, शेवटी बाकडं. आम्ही बाकड्यापासून सुरू करतो. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांचं सुशोभीकरण चाललं आहे आणि नदीत मैला वाहतो आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. तरी नदी आवळून काठ रुंद करण्याचा सोस सुटत नाही. नदीला जागा लागते, ही गोष्ट पुण्यासारख्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला पुराने दारात येऊन सांगावी लागते, आणि शहर पाणी ओसरताच विसरतं.

मुंबईकडेही स्वतःचा जर्मनीएवढाच चांगला दाखला आहे, तोही मिठीच्याच काठावर. धारावीजवळचं निसर्ग उद्यान. १९७७ पर्यंत तिथे कचऱ्याचा डोंगर होता. लोकांनी, निसर्गप्रेमी संस्थांनी मागे लागून त्या ३७ एकरांवर माती टाकली, झाडं लावली. १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडलं. आज तिथे फुलपाखरं आहेत, पक्षी आहेत, शाळांच्या सहली येतात. नासवलेली जमीन आणि नासवलेला काठ कसा सुधारायचा, याचं पाठ्यपुस्तक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांतून दिसतं. तिथला साहेब अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जातो.

आता पुढची जमीन. शहराच्या पूर्वेला मिठागरं आहेत, मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या बाजूला. सखल, उघडी, भरतीचं आणि पुराचं पाणी पोटात घेणारी. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस राज्य मंत्रिमंडळाने यातली २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. म्हणजे मिठीच्या मुखाशी राहणारी माणसं उचलायची आणि दुसऱ्या पाण्याच्या जागेत नेऊन ठेवायची. धारावीकराला पक्कं घर मिळालंच पाहिजे, आणि ते धारावीतच मिळायला हवं. गिरणगावात तिसरा हिस्सा राखला असता तर परळलाही देता आलं असतं. त्याऐवजी त्याला मिठागर दाखवलं आहे. तिथे ज्या दिवशी तळमजल्यात पाणी शिरेल, त्या दिवशी त्याच्यावर पाण्याच्या वाटेत घर बांधल्याचा ठपका ठेवायला हेच साहेब पहिले पुढे येतील.